दारात तरवड: माळावरचे फूल घरच्या बागेत लावण्याची रीत

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्याने मे महिन्यात गेलात, तर दोन्ही बाजूंचा माळ करपलेला दिसतो. गवत वाळून मुळाशी गेलेले असते, बाभळी धुळीने माखलेल्या असतात, आणि त्याच मुरमाड उतारावर कमरेएवढ्या उंचीची काही झुडपे मात्र हिरवी उभी असतात. ती तरवडाची. पाऊस होऊन गेल्यावर, भाद्रपद-आश्विनात, हीच झुडपे शेंड्याशेंड्याला पिवळ्या फुलांनी भरून जातात आणि आमच्या भागात नवरात्राच्या घटाला याच फुलांची माळ चढते. शेजारच्या तेलंगणात बतुकम्मा, म्हणजे पूजेसाठी फुलांची उतरंड, रचताना या फुलाला मान असतो. तिकडे त्याला तंगेडू म्हणतात आणि ते त्या राज्याचे राज्यफूल आहे.

इतके काटक झाड दारात लावणे अगदी सोपे असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्या तीन वर्षांत माझ्याकडे एकही तरवड जगला नाही. पहिल्या वर्षी माळावरून खणून आणलेले झुडूप आठवड्यात वाळले. दुसऱ्या वर्षी एका रोपवाटिकेतून तरवड म्हणून घेतलेले रोप वर्षभर वाढवल्यावर कसोदाचे निघाले. तिसऱ्या वर्षी बियांपासून केलेली चार रोपे गुलाबाच्या ओळीत ठिबकवर लावली आणि ती पावसाळा संपायच्या आत बुंध्याशी काळी पडून गेली. आता माझ्या कुंपणाला तरवडाची नऊ झाडे आहेत आणि त्यांतल्या थोरल्या पाच झाडांना गेल्या दोन उन्हाळ्यांत मी एक तांब्याही पाणी घातलेले नाही. या दोन अवस्थांच्या मधे जे समजले ते इथे क्रमाने मांडतो. सगळ्याचा गाभा मात्र एकच आहे: तरवडाला जे नको असते तेच आपण मायेने देत राहतो, म्हणून तो घरात टिकत नाही.

१. आधी झाड नीट ओळखा

तरवडाचे शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा असे आहे. जुन्या पुस्तकांत तो कॅसिया ऑरिक्युलाटा या नावाने सापडतो. ऑरिक्युलाटा या शब्दाचा अर्थ कानांचा, आणि ओळख पटवण्याची खूण त्या नावातच आहे. पानाचा देठ जिथे फांदीला जोडलेला असतो, तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोलसर, हिरवी, चांगली ठळक उपपर्णे असतात आणि ती गळून पडत नाहीत. पिवळ्या फुलांच्या इतर नातेवाईक झाडांवर ती अशी दिसत नाहीत. पान संयुक्त असते, त्याला पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, साधारण आठ ते बारा जोड्या असतात आणि जोडीजोडीच्या मधे एक बारीक उभी गाठ असते. फूल पाच पाकळ्यांचे, सुमारे दोन इंच रुंदीचे, आणि शेंग चपटी, कागदासारखी पातळ, बोटभर लांबीची. शेंगेतल्या बियांचे उंचवटे बाहेरून मोजता येतात.

तीन झाडांशी गल्लत होते. टाकळा किंवा तरोटा ही पावसाळ्यात उगवणारी, कोवळ्या पानांची भाजी होणारी छोटी वनस्पती आहे. तिला पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात आणि शेंग बारीक, लांब, किंचित वाकलेली असते. नावांच्या साधर्म्यामुळे बाजारात तरवडाचे बी मागितले की तरोट्याचे बी हातात पडते. कसोद हा रस्त्याच्या कडेला लावला जाणारा बाहेरदेशी वृक्ष आहे. लहानपणी त्याचे रोप तरवडासारखेच दिसते, पुढे मात्र तो दुमजली घराएवढा होतो. तिसरे झाड म्हणजे घंटीसारख्या पिवळ्या फुलांचा टेकोमा, जो पुष्कळ ठिकाणी ‘पिवळे रानफूल’ म्हणून विकला जातो. याचे फूल नळीसारखे असते, त्यामुळे ते फुललेले पाहिले तर शंका राहत नाही. रोप मात्र फुलाविना विकले जाते, हीच अडचण आहे.

म्हणून रोप विकत घेणार असाल, तर रोपवाटिकेत उभे राहून देठाशी असलेले ते कान पाहा. ते नसतील तर रोप घेऊ नका, विक्रेता कितीही खात्रीने सांगत असला तरी.

२. जागा आणि जमीन

तरवडाला दिवसभराचे ऊन लागते. किमान सहा तास थेट ऊन नसेल, तर झाड उंच, किडकिडीत होते आणि फुले मोजकीच येतात. दक्षिणेकडची किंवा पश्चिमेकडची भिंत, कुंपणाची कडा, फाटकाशेजारची तापणारी जागा, जिथे दुसरे काही जगत नाही अशी कोणतीही जागा याला चालते. भिंतीपासून तीन फूट अंतर ठेवा, कारण पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर चार-पाच फुटांचा होतो.

मातीबाबत मात्र विचार करावा लागतो. मुरमाड, खडकाळ, चुनखडीची, हलकी जमीन उत्तम. काळ्या मातीत अडचण येते, आणि सोलापूर, लातूर, धाराशिव, परभणी या भागांत बहुतेकांच्या अंगणात काळीच माती असते. ती पाणी धरून ठेवते, पावसाच्या झडीत चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते आणि उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळे तोडते.

जमिनीची परीक्षा घेण्याची रीत साधी आहे. दीड फूट खोल आणि तितकाच रुंद खड्डा घ्या, संध्याकाळी काठोकाठ पाण्याने भरा आणि ते जिरू द्या. जिरल्यावर पुन्हा एकदा भरा. सकाळी तळाला पाणी नसेल तर जागा चांगली आहे. सकाळीही पाणी साचलेले दिसले, तर त्या खड्ड्यात तरवड लावू नका. त्या जागेवर मुरूम आणि माती निम्मेनिम्मे मिसळून फूटभर उंच आणि तीन फूट रुंद असा उंचवटा करा आणि झाड त्याच्या माथ्यावर लावा. बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी पाया खोदताना निघालेला मुरूम पुष्कळदा नुसता पडलेला असतो. मालकाला विचारून दोन-तीन घमेली आणली की काम भागते. मात्र त्यात सिमेंटचे ढेपळे आणि चुन्याची पिशवी फोडलेली माती नाही ना, हे पाहून घ्या.

गच्चीवर लावायचे असेल तर किमान दीड फूट व्यासाची आणि तितकीच खोल कुंडी, किंवा अर्धा कापलेला प्लास्टिकचा पिंप लागतो. तळाला चार-पाच भोके पाहिजेत आणि कुंडीखाली थाळी ठेवू नये. कुंडीतला तरवड जमिनीतल्यापेक्षा लहान राहतो आणि त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते, हे आधीच गृहीत धरा.

३. लागणारे साहित्य

फार काही लागत नाही, पण ऐन वेळी धावाधाव नको म्हणून यादी देतो.

- पक्व तरवडाचे बी, हव्या असलेल्या झाडांच्या किमान चौपट
- नेलकटर आणि खरखरीत पॉलिश पेपरचा एक तुकडा
- रोपांच्या काळ्या पिशव्या, किमान नऊ इंच उंचीच्या
- गाळलेली माती, बारीक मुरूम किंवा जाड वाळू, आणि पूर्ण कुजलेले शेणखत
- बारीक छिद्रांची झारी
- पहार किंवा टिकाव, खुरपे, घमेले
- आच्छादनासाठी वाळका पालापाचोळा किंवा उसाचे पाचट
- छाटणीची कात्री

रासायनिक खत, संजीवके, कोकोपीट यांपैकी काहीही आणू नका. कोकोपीट पाणी धरून ठेवण्यासाठी वापरतात आणि इथे आपल्याला त्याच्या उलट हवे आहे.

४. बी गोळा करणे

माळावरचे मोठे झुडूप खणून आणण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याचे सोटमूळ मुरमाच्या भेगांतून खोलवर गेलेले असते. आपण कितीही मोठा गड्डा काढला तरी हाती येते ते मुळाचे वरचे टोक. झुडूप मरते आणि माळावरचीही एक जागा रिकामी होते. बियांपासूनच सुरुवात करा.

तरवडाच्या शेंगा साधारण डिसेंबरपासून वाळू लागतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत झाडावर मिळतात. शेंग तपकिरी झालेली असावी आणि हलवल्यावर आतले बी वाजावे. हिरवट शेंगेतले बी सुरकुतते आणि उगवत नाही. एकाच झाडाच्या सगळ्या शेंगा ओरबाडू नका. पाच-सहा वेगवेगळ्या झाडांवरून थोड्याथोड्या घ्या, म्हणजे तुमच्याकडची झाडेही एकाच वाणाची होणार नाहीत.

कुठून घेता याकडेही लक्ष असू द्या. रस्त्याची कडा, गायरान, ओळखीच्या शेतकऱ्याचा बांध ही योग्य ठिकाणे आहेत, आणि खासगी जागा असेल तर विचारून घ्या. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात तरवड आहे, पण अभयारण्यातून आणि वनविभागाच्या जमिनीतून काहीही तोडून आणणे योग्य नाही आणि कायद्यालाही धरून नाही. रस्त्याच्या कडेला पुरेसे बी मिळते.

घरी आणल्यावर शेंगा परातीत फोडा आणि बी एकेक करून पाहा. निम्म्याहून अधिक बियांवर टाचणीच्या टोकाएवढे गोल भोक दिसण्याची शक्यता आहे. शेंगेतच अंडी घालणाऱ्या बारीक भुंग्याची अळी आतला गर खाऊन त्या भोकातून बाहेर पडलेली असते. असे बी टाकून द्या. उरलेले बी पाण्यात घाला, तरंगणारे काढून टाका, बुडालेले सावलीत वाळवा आणि थोड्या राखेसह काचेच्या बरणीत ठेवा. राखेमुळे उरलेसुरले भुंगे वाढत नाहीत. बरणीवर ठिकाण आणि महिना लिहून ठेवा.

५. बी जागे करणे

इथे सर्वांत जास्त लोक अडतात. बी पेरतात, रोज पाणी घालतात, महिना जातो, काही उगवत नाही, आणि बी वांझ होते असे म्हणून पिशवी रिकामी करतात. बी वांझ नसते. तरवडाच्या बियांवर पाण्याला आत न शिरू देणारे कठीण कवच असते आणि माळावर त्याचा उपयोग असतो: वळवाच्या एका सरीने सगळेच बी उगवून आले, तर पुढच्या कोरड्या आठवड्यात सगळेच मरेल. ऊन, वारा आणि खड्यांच्या घर्षणाने कवच झिजत जाते तसे काही बी या वर्षी, काही पुढच्या वर्षी उगवते. घरी हे काम आपल्याला हाताने करायचे आहे.

दोन पद्धती आहेत. बी थोडे असेल तर नेलकटरची पद्धत चांगली. बियांचे एक टोक निमुळते असते, तिथून अंकुर फुटतो, त्या टोकाला हात लावायचा नाही. विरुद्ध बाजूच्या रुंद कडेला नेलकटरने अगदी किंचित चिमटा घ्यायचा किंवा पॉलिश पेपरवर ती कडा आठ-दहा वेळा घासायची. तपकिरी कवचाखाली फिकट पिवळसर ठिपका दिसला की थांबायचे. त्याहून खोल गेलात तर गर दुखावतो आणि बी कुजते.

बी जास्त असेल तर गरम पाणी वापरा. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, दोन मिनिटे थांबा आणि मग त्यात बी घालून झाकण ठेवा. बियांसकट पाणी उकळत ठेवणे ही नेहमीची चूक आहे. तसे केले तर बी शिजते. पाणी आपोआप निवू द्या आणि बी रात्रभर त्यातच राहू द्या.

सकाळी फरक डोळ्यांना दिसतो. ज्या बियांचे कवच उघडले ते फुगून जवळजवळ दुप्पट झालेले असते, त्याची चमक गेलेली असते आणि चिमटीत धरले तर ते किंचित मऊ लागते. जे उघडले नाही ते होते तसेच, लहान आणि चकचकीत. फुगलेले बी त्याच दिवशी पेरा, कारण ते आता साठवता येणार नाही. न फुगलेल्या बियांना नेलकटर लावा आणि पुन्हा एक रात्र भिजवा. ही निवड न करता सरसकट पेरले तर कोणत्या पिशवीत काय चालले आहे हे कधीच कळत नाही.

६. पिशवीतले रोप

मेच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी केली, तर जुलैच्या सुरुवातीला लावण्याजोगी रोपे मिळतात. दोन भाग माती, एक भाग बारीक मुरूम किंवा वाळू आणि एक भाग शेणखत असे मिश्रण करा. शेणखत कुजलेले नसेल तर ते पिशवीत तापते आणि कोवळी मुळे जाळते. हातात घेतल्यावर त्याला वास येत नसेल आणि ते चहाच्या भुकटीसारखे सुटे असेल तरच वापरा.

प्रत्येक पिशवीत दोन बिया, पेराच्या निम्म्या खोलीवर ठेवा आणि वरून बारीक माती पसरा. कवच नीट उघडलेले बी आठवडाभरात, फार तर पंधरा दिवसांत वर येते. दोन्ही उगवली तर चार पाने आल्यावर नाजूक रोप कात्रीने मातीलगत कापा. उपटू नका, दुसऱ्याचे मूळ हलते.

पिशव्या झाडाखाली ठेवू नका. उगवून येईपर्यंत दुपारची सावली चालेल, त्यानंतर पूर्ण ऊन द्या. सावलीत वाढलेले रोप जुलैत जमिनीत गेले की मान टाकते. पाणी सकाळी झारीने द्या आणि वरची माती कोरडी झाल्यावरच पुन्हा द्या. सतत ओल राहिली तर रोपे मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात. एकदा हा मर रोग सुरू झाला की तीन-चार दिवसांत ओळच्या ओळ जाते. अशा वेळी पडलेली रोपे पिशवीसकट दूर करा आणि उरलेल्यांचे पाणी दोन दिवस बंद करा.

आणखी एक गोष्ट. दर आठवड्याला प्रत्येक पिशवी उचलून जागेवरून हलवा. सोटमूळ पिशवीचे तळभोक ओलांडून जमिनीत शिरते आणि लावणीच्या दिवशी पिशवी उचलताच तुटते. रोप पिशवीत फार काळ ठेवले तर तेच मूळ तळाशी गोल वेटोळे घेते आणि पुढे आयुष्यभर खोल जात नाही. म्हणून एक वर्षाचे मोठे, देखणे रोप स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. वीतभर उंचीचे, दोन महिन्यांचे रोप त्याच्या कितीतरी पुढे जाते.

पिशव्यांचा हा व्याप टाळायचा असेल, तर पहिला चांगला पाऊस झाल्यावर फुगवलेले बी थेट जागेवर टोकता येते. एका ठिकाणी तीन-चार बिया टोका आणि पुढे एकच रोप राखा. मूळ एकदाही दुखावत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मात्र अशा रोपाभोवतीचे गवत आणि गाजरगवत दर आठवड्याला खुरपावे लागते, नाहीतर पंधरा दिवसांत रोप कुठे होते तेच सापडत नाही.

७. लावणी

आमच्या भागात मृगाच्या पावसावर विसंबून लावणी करण्यात धोका असतो, कारण त्यानंतर बऱ्याचदा मोठी उघडीप पडते. आर्द्रात जमीन वीतभर खोल ओली झाली आहे हे खुरप्याने उकरून पाहा आणि मग पुनर्वसूच्या सुमारास, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावा. सोलापूरकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. तोवर रोप स्थिरावलेले असले की तो पाऊस त्याला लाभतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टअखेर, उतारावर किंवा उंचवट्यावरच लावा. मात्र तो प्रदेश याचा स्वभावतः नव्हे.

खड्डा एक फूट लांबरुंद आणि दीड फूट खोल घ्या. तळाची माती पहारीने आणखी वीतभर सैल करा, म्हणजे सोटमुळाला खाली जायची वाट मिळते. निघालेल्या मातीत दोन ओंजळी शेणखत मिसळा. याहून जास्त नको. भरपूर खत घातलेला तरवड पहिल्या वर्षी भराभर पाने काढतो, फांद्या मऊ राहतात, मावा लागतो आणि फुले पुढे जातात.

पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीचा गड्डा न फोडता रोप ठेवा आणि पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत ठेवा. बुंधा मातीत गाडला जाऊ देऊ नका. माती पायाने हलकेच दाबा, एक घागर पाणी द्या आणि भोवती पालापाचोळा पसरा, पण तो बुंध्याला टेकू देऊ नका. दोन झाडांत चार-पाच फूट अंतर ठेवा. कुंपणासारखी सलग ओळ हवी असेल तर अडीच-तीन फूट. गाईगुरे सहसा तरवडाला तोंड लावत नाहीत, म्हणून तर चराऊ माळावर तो उरला आहे, तरीही पहिले वर्ष काटेरी फांद्यांचे कोंडाळे करावे, कारण रोप खाल्ले जात नसले तरी तुडवले जाते.

८. पाणी: कधी, किती आणि कधी थांबायचे

माझी तिसऱ्या वर्षीची चार रोपे पाण्याने गेली. ठिबक गुलाबांसाठी रोज अर्धा तास चालू असे आणि तरवडाच्या मुळाशी कायम ओल राहत असे. आधी खालची पाने पिवळी पडली. मला वाटले पाणी कमी पडते आहे, म्हणून मी आणखी पाणी वाढवले. पंधरा दिवसांनी बुंधा मातीलगत काळा आणि मऊ झाला होता आणि रोप दोन बोटांनी ओढताच वर आले; मुळांची साल हातात राहिली आणि आत नुसता दोरा उरला होता. त्यामुळे पहिला नियम असा की तरवड गुलाब, जास्वंद, मोगरा किंवा हिरवळ यांच्या पाण्याच्या ओळीत कधीही लावू नये. त्याला वेगळी, कोरडी कडा द्या.

त्यानंतर मी पाळत आलेले वेळापत्रक असे आहे. पहिल्या पावसाळ्यात आठ-दहा दिवस सलग उघडीप पडली तरच झाडाला अर्धी बादली पाणी द्यायचे. पहिल्या हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांतून एकदा एक बादली. पहिल्या उन्हाळ्यात, मार्च ते मे, दहा-बारा दिवसांतून एकदा एक बादली, तीही संध्याकाळी. थोडे थोडे रोज देण्यापेक्षा एकदाच भरपूर देऊन मधे माती पूर्ण वाळू द्यावी. पाणी खाली जाते तसे मूळ त्याच्या मागे खाली जाते. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्याला एकदा. तिसरा पावसाळा पाहिलेले झाड तिसऱ्या उन्हाळ्यापासून आपल्या बळावर राहते, आणि तिथे पाणी खरोखर बंद करायचे असते.

हे बंद करणे मनाला जड जाते. एप्रिलअखेर झाडाची बरीच पाने गळतात, उरलेली निस्तेज दिसतात, येणारे-जाणारे झाड मेले म्हणून सांगतात. अशा वेळी पाण्याची बादली उचलण्याआधी एका मध्यम जाडीच्या फांदीवर नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवा ओलसर थर दिसला तर झाड जिवंत आहे आणि वळवाची एक सर पडली की आठ दिवसांत नवी पालवी फुटते. खरवडल्यावर तपकिरी, कोरडे लाकूड दिसले तर ती फांदी गेली. मग बुंध्याच्या बाजूने खाली खाली तपासत या आणि हिरवे लागेल तिथे कापा.

कुंडीतल्या झाडाला हे लागू नाही. त्याला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांतून एकदा पाणी द्या, बोट दोन पेरे मातीत घालून कोरडे लागल्यावरच.

९. छाटणी आणि कीड

तरवडाला फुले नव्या फांद्यांच्या टोकाशी येतात, म्हणून छाटणी केली की फुले वाढतात. पहिल्या पावसाळ्यात रोप दीड फुटांचे झाले की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात. पुढे दरवर्षी शेंगा उतरवून झाल्यावर, मेअखेरीस, झाड एकतृतीयांश कापा. ऑगस्टनंतर कात्री लावू नका, त्या वेळी कळ्या तयार होत असतात.

पावसाळ्यात पानांवर पानांच्याच रंगाच्या हिरव्या अळ्या दिसतील. त्या बहुधा मॉटल्ड एमिग्रंट नावाच्या हिरवटसर पांढऱ्या फुलपाखराच्या असतात. हे फुलपाखरू तरवडावर आणि त्याच्या भावंडांवर अंडी घालते. काही फांद्या पार बोडक्या होतील, पण महिन्याभरात त्या पुन्हा भरतात, म्हणून फवारणी करू नका. पिठ्या ढेकूण मात्र कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे साचले तर साबणाच्या पातळ पाण्याने, जुन्या दातघासणीने, हाताने काढा. फुलांच्या दिवसांत कीटकनाशक मारलेच तर नुकसान फुलांवर येणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्यांचे होते, आणि त्यांच्यावाचून तरवडाला शेंग धरत नाही.

त्याचे कारण जवळून पाहण्यासारखे आहे. तरवडाच्या फुलात मध नसतो. पराग पुंकेसरांच्या आत बंद असतात आणि टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर येऊ शकतात. सकाळी सातच्या सुमारास झाडाशेजारी उभे राहा: मोठा काळा भुंगा फुलावर उतरतो, पुंकेसरांना पायांनी कवळतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. उडतानाचा त्याचा घुमारा जाड असतो. या क्षणी तो एकदम बारीक आणि तीव्र होतो, आणि पिवळी भुकटी त्याच्या पोटावर उडते. दोन-तीन सेकंदांत तो पुढच्या फुलावर जातो.

१०. फुले, माळ आणि पुढचे बी

माझ्याकडे बियांपासून केलेल्या रोपांना दुसऱ्या वर्षीच्या नवरात्रात पहिली फुले आली. हलक्या जमिनीत काही रोपे पहिल्याच वर्षी एखादा गुच्छ दाखवतात. माळेसाठी फुले सकाळी भुंग्यांची वर्दळ ओसरल्यावर, नऊच्या सुमारास तोडा. पूर्ण उमललेले फूल दुपारपर्यंत मलूल होते, म्हणून निम्म्या उमललेल्या कळ्या घ्या आणि देठ अर्धा इंच ठेवा, म्हणजे सुई देठातून जाते आणि पाकळ्या झडत नाहीत. गुच्छातल्या निदान निम्म्या कळ्या झाडावर राहू द्या.

तरवडाची साल पूर्वी कातडे कमावायला वापरली जाई आणि फुलापानांचे घरगुती औषधी उपयोगही सांगितले जातात. फुलांचा चहा करून पिण्याचा सल्ला कोणी दिला, तर मधुमेहाची किंवा इतर औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

डिसेंबरनंतर शेंगा वाळू लागल्या की चांगल्या शेंगा वेचून बरणीत भरा आणि उरलेल्या फुटण्याआधी काढून टाका, नाहीतर पावसाळ्यात अंगणभर रोपे उगवतात. मी दर मार्चमध्ये दहा-दहा बियांच्या पुड्या बांधतो आणि प्रत्येक पुडीवर लिहितो: रात्रभर गरम पाण्यात, फुगलेले तेवढेच पेरा, गुलाबाजवळ लावू नका.